तो प्यायलेला असता तर?

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वय ४२, बँकेत नोकरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन त्या शाळेची पुस्तकं घ्यायला अप्पा बळवंत चौकात गेल्या होत्या. दुपारी दीडच्या सुमाराला परत निघताना गल्लीतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर साठीच्या आसपासचा एक माणूस बसलेला दिसला. शर्टाची वरची बटणं उघडी, घामाने निथळलेला, मान एका बाजूला कललेली. मुलाच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास होता. ते जवळून जात असताना त्या माणसाने जड जिभेने काहीतरी पुटपुटत मुलाच्या दिशेने हात पुढे केला. ताईंनी मुलाला आपल्याकडे ओढलं. "आई, त्यांना काय झालंय?" या त्याच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं, "दारू प्यायलेत. बघू नकोस तिकडे, चल."

दुसऱ्या दिवशी एक पुस्तक बदलून आणायला त्या एकट्याच गेल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याने ओळखलं आणि आपणहून सांगितलं, की काल त्या काकांची शुगर एकदम उतरली होती. त्यानेच त्यांना रस पाजला. अर्ध्या तासाने ते उठले आणि रिक्षाने घरी गेले. नारायण पेठेत राहतात, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहेत.

ताई लिहितात: "मी पंधरा वर्षं काउंटरवर बसते. माणूस समोर आला की तो कसा आहे ते मला कळतं. मग याच वेळी कशी चुकले? इतक्या सज्जन माणसाला मी दारुडा ठरवलं, तेही मुलासमोर. नवरा म्हणतो, झालं गेलं, विसरून जा. मला वाटतं, घर शोधून जावं आणि माफी मागावी. मुलाला खरं सांगावं की नाही तेही कळत नाही. रस्त्यावरच्या माणसांवर विश्वास ठेवायला शिकवलं आणि उद्या काही भलतंच झालं तर?"

ताई, सप्रेम नमस्कार.

"माणूस समोर आला की तो कसा आहे ते मला कळतं" हे तुमचं वाक्य मी आधी बाजूला काढून ठेवलं. बाकीच्या पत्राचा भार त्याच्यावर आहे. तुम्हाला खरंच कळत असेलही, काउंटरवर. तिथे माणसाबरोबर पासबुक येतं, सही येते, जुना व्यवहार समोर दिसतो. चूक झालीच तर संध्याकाळी कॅश जुळवताना सापडते. रस्त्यावर कॅश जुळवायची वेळच येत नाही. आपण दिवसाला किती माणसांना मनातल्या मनात निकाल देतो! हा गुंड दिसतोय, ही भांडखोर असणार, हा भीक मागायचं नाटक करतोय. त्यांतले किती बरोबर निघाले हे सांगायला कोणी परत येत नाही. मग आपल्याला वाटत राहतं, की आपण कधी चुकतच नाही.

तुमच्या बाबतीत एक पुस्तक बदलायचं निघालं आणि रसवंतीवाला बोलका निघाला, एवढ्यावर हिशोब उघडा पडला. तेव्हा "याच वेळी कशी चुकले?" याचं माझं उत्तर एवढंच, की या वेळची चूक कळली. हे टोचावं म्हणून म्हणत नाही. मला तर यात हायसं वाटण्यासारखंही काही दिसतं. तुमच्यात अचानक कुठला दोष शिरलेला नाही. सगळ्यांचं होतं तेच तुमचंही झालं, फक्त तुम्हाला त्याचा पत्ता लागला.

आता जरा अवघड जागी बोट ठेवते. तुम्ही लिहिलंत, "इतक्या सज्जन माणसाला." हे सज्जनपण तुम्हाला कधी कळलं? ते शिक्षक होते हे ऐकल्यावर. समजा रसवंतीवाला म्हणाला असता, "मंडईतला हमाल आहे, शुगरचा त्रास आहे त्याला," तर तुम्हाला इतकंच लागलं असतं? आणि समजा तो म्हणाला असता, "हो ताई, रोजचाच आहे तो, दुपारपासून टाइट असतो," तर? मग पत्र आलंच नसतं. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" एवढ्यावर विषय मिटला असता.

तुमची सगळी टोचणी एका गृहीतावर उभी आहे: तो आजारी निघाला म्हणून मी चुकले, प्यायलेला निघाला असता तर बरोबर होते. मला हे गृहीतच पटत नाही.

दारू प्यालेला माणूसही मरतो, ताई. उताणा पडलेला असताना उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि माणूस गुदमरतो. पायरीवरून पडून डोक्याला मार लागतो, कवटीच्या आत रक्त साचत राहतं, आणि येणारे-जाणारे "झोपलाय, उतरेल तासाभरात" म्हणून पुढे जातात. शिवाय दारू आणि उतरलेली साखर ही दोन वेगळ्या माणसांची दुखणी असतात असंही नाही. उपाशीपोटी दारू घेतली की यकृताचं नवी साखर तयार करण्याचं काम मंदावतं, आणि तो माणूस मधुमेहाची औषधं घेणारा असेल तर त्याची शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणजे तोंडाला वास येतोय म्हणून नुसती दारूच आहे, असं डॉक्टरही तपासल्याशिवाय म्हणणार नाही. तुम्ही-आम्ही चालता चालता कुठल्या जोरावर म्हणतो?

या बाबतीत एक जुना प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो केला. दोन स्टेशनांमध्ये गाडी सुमारे साडेसात मिनिटं कुठेच थांबत नसे. तेवढ्या वेळात त्यांच्यातला एकजण डब्यात कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची. कधी अंगाला दारूचा वास आणि हातात खाकी कागदात गुंडाळलेली बाटली. काठीवाल्याला ६५ पैकी ६२ वेळा कोणीतरी आपणहून उठून मदत केली. बाटलीवाल्याला ३८ पैकी १९ वेळा. कोसळणं तेच, डबा तोच. बदलली ती फक्त हातातली वस्तू.

हे वाचून माणुसकी संपली वगैरे म्हणायची घाई करू नका. महानगरात, भुयारात, दारूचा वास मारणाऱ्या अनोळखी माणसासाठीही निम्म्या वेळा कोणीतरी उठलं, हे मला कमी वाटत नाही. तुम्ही त्या दुपारी दुसऱ्या निम्म्यात होतात.

आणि घाईत होतात. पत्रात हे तुम्ही ओझरतं लिहिलंय: बँकेतून दोन तासांची सवलत घेऊन आला होतात, पिशव्या जड होत्या, पोराला भूक लागली होती. घाई ही फार मोठी गोष्ट आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टनच्या एका प्रयोगात धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं होतं. काहींच्या भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत दाराशी एक माणूस खोकत, वाकून बसलेला. ज्यांना "वेळ आहे, सावकाश जा" असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. आपल्याकडे कल्पना करायची तर नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ती आख्यायिका रंगवून सांगायला निघालेले बुवा वाटेतल्या माणसाला ओलांडून मंडपात पोचले, असं झालं ते. (त्या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडतं ते हे, की नाथ गाढवाची चौकशी करत बसत नाहीत.)

तर तुम्ही वाईट आहात म्हणून थांबला नाहीत, असं मला वाटत नाही. उशीर झालेला, हातात ओझं, सोबत मूल, आणि समोर एक पुरुष ज्याचा हात मुलाकडे येतोय. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल मला वेगळं बोलायचं आहे.

तुम्ही मुलाला ओढून घेतलंत ते बरोबर केलंत. याबद्दल माफी मागायची काही गरज नाही, माझ्याकडेही नाही. बाईमाणसाला रस्त्यावर अंतर ठेवायला कोणी हौसेने शिकवलेलं नसतं, अनुभवाने ते शिकवलेलं असतं. अनोळखी पुरुषाचा हात लेकराकडे आला की आधी मागे सरायचं, विचार नंतर करायचा. पुढच्या वेळीही असंच करा. चुकलं ते त्याच्यानंतर, आणि तेही थोडंसंच. मागे सरणं आणि निघून जाणं या दोन गोष्टींच्या मधे भरपूर जागा होती, ती तुम्हाला दिसली नाही. आपल्याला वाटतं, एक तर पुढे होऊन त्याचं डोकं मांडीवर घ्यायचं, नाहीतर नजर वळवून चालू लागायचं. पहिलं जमण्यातलं नाही, म्हणून दुसरं.

मधली जागा कशी असते ते सांगते. चार-पाच पावलांवर उभं राहा. मुलाला दुसऱ्या बाजूला घ्या. मोठ्याने, नेहमीच्या आवाजात विचारा, "काका, बरं वाटत नाहीये का? कोणाला बोलावू?" उत्तर येतं की नाही, आलं तर समजण्यासारखं आहे का, एवढं बघा. मग आजूबाजूच्या एका माणसाला नेमकं हाक मारा. "अहो, कोणीतरी बघा ना" असं गर्दीला म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. "ओ रसवाले दादा, जरा इकडे या, या काकांना बघा" म्हटलं की तो दादा येतोच. गल्लीतल्या दुकानदाराला, टपरीवाल्याला, फुलवालीला तिथली माणसं माहीत असतात. रोजचा पिणारा कोण आणि आज पहिल्यांदाच दिसणारा कोण, हे त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं कळतं. आणि ते जमत नसेल तर १०८ ला फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सेवा आहे, पैसे पडत नाहीत, गाडीबरोबर डॉक्टर येतो. चौक कुठला, जवळची खूण काय, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, एवढं सांगितलं की पुरे. या सगळ्याला पाच मिनिटं. त्याला हात लावावा लागत नाही, आणि तो कोण आहे, कसा आहे याचा निकालही द्यावा लागत नाही.

एवढ्याने "दारुडा की आजारी" हा प्रश्नच निकालात निघतो. तो तुमचा प्रश्न नाहीच. तुमचे प्रश्न दोन: बोलल्यावर नीट उत्तर देतोय का? आणि नसेल तर कोणाला सांगू?

पण तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही येतात, म्हणून रस्त्यावर दारूसारखी दिसणारी दुखणी कुठली, ते इथे सांगून टाकते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. त्यांच्यातले जे इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेतात, त्यांचं एखादं जेवण चुकलं, उन्हात जास्त चालणं झालं, की शुगर ७० च्या खाली येऊ शकते. मग दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. आणखी खाली गेली की मेंदूलाच साखर कमी पडते. जीभ जड होते, झोक जातो, माणूस भलतंसलतं बोलतो. काहीजण चिडतात, हात झटकतात, "मला काही झालेलं नाही" म्हणून अंगावर येतात. बाहेरून बघणाऱ्याला हुबेहूब तर्र. यावर औषध म्हणजे साखर. चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून, किंवा अर्धा ग्लास उसाचा रस, किंवा साधं गोड कोल्ड्रिंक, डाएटवालं नव्हे. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढंच. शुगर वाढली आहे की उतरली आहे हे कळत नसेल तरी द्यावं. वाढलेली असेल तर एवढ्याशा साखरेने फारसं बिघडत नाही, पण उतरलेली असेल आणि वेळेत मिळाली नाही तर जिवावर बेतू शकतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: माणूस शुद्धीवर नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना साखर, ना पाणी. एका कुशीवर वळवायचं आणि १०८.

दुसरं, पक्षाघात. तोंड एका बाजूला ओघळलेलं, एक हात वर उचलत नाही, बोलणं बोबडं. इथे "थोडा वेळ बसू दे, बरं वाटेल" म्हणणं महागात पडतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला बराच वेळ फुटपाथवरच जातो. तिसरं, फिट येऊन गेल्यानंतरची अवस्था. झटके थांबलेले असतात, आपण ते पाहिलेलेही नसतात, आपल्याला दिसतो तो फक्त भांबावलेला, कपडे ओले झालेला माणूस. त्याला कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. कुशीवर वळवा आणि भानावर येईपर्यंत कोणीतरी जवळ राहू द्या. झटके चालूच असतील आणि पाच मिनिटं उलटली तर १०८. डोक्याचा मार मी वर सांगितलाच.

"मदत केली आणि पोलीस मागे लागले तर?" ही भीती तुमच्या पत्रात नाही, पण इतरांच्या पत्रात हमखास असते. रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून केंद्राने काढलेल्या सूचना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी सगळ्यांवर बंधनकारक केल्या. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलमच आलं. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. हे संरक्षण अपघातापुरतं आहे हे खरं. पण चक्कर येऊन पडलेल्या माणसासाठी फोन करणं, दुकानदाराला हाक मारणं यात कुठला गुन्हा आहे? आणि संमती देण्याच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्हेतूने काही केलं तर त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे. जुन्या दंड संहितेत ते ९२ व्या कलमात होतं.

फसवणुकीचंही बोलू, कारण "पाकीट मारलं गेलं, गावी जायला दोनशे रुपये द्या" याने पोळलेले लोक पुढच्या वेळी खऱ्या गरजूलाही उभं करत नाहीत. माझा साधा नियम: पैसे हातात द्यायचे नाहीत, वस्तू किंवा माणूस मिळवून द्यायचा. खायला, पाणी, फोन, रिक्षा, १०८. ज्याला पैसेच हवे असतात तो चिडून निघून जातो. ज्याला साखर हवी असते तो साखर घेतो. आणि कुठल्याही परिस्थितीत "इकडे आत या, माझी बायको पडलीये" म्हणून कोणी आडबाजूला न्यायला लागलं तर एकट्याने जायचं नाही. चार माणसं जमवायची, मग जायचं.

आता तुमचे दोन प्रश्न.

घर शोधून माफी मागावी का? माझं मत: नको. शुगर इतकी खाली गेलेली असताना काय घडलं हे पुष्कळांना नंतर आठवतच नाही. तुम्ही त्यांना आठवत असण्याची शक्यता कमी. त्यांना आठवत असेल तो रस पाजणारा. तुम्ही दारात जाऊन "मला वाटलं तुम्ही प्यायला होतात" म्हणालात, तर तुमच्या मनावरचा दगड उतरेल, पण तो कोणाच्या मनावर जाईल? मधुमेह असलेल्या पुष्कळांना हीच धास्ती असते, की आपल्याला रस्त्यात काही झालं तर लोक दारुडा समजून पुढे जातील. ती खरी ठरली होती, हे त्यांना घरपोच कळवायची काही गरज नाही. उद्या त्या गल्लीत समोरासमोर आलातच तर "काका, आता तब्येत कशी आहे? त्या दिवशी तुम्हाला बघितलं होतं" एवढं जरूर म्हणा. ते बोलले तर बोला. त्यांनी विचारलं, "तुम्ही होतात का तिथे?" तर खोटं बोलू नका. पण आपण होऊन कबुलीजबाब द्यायला जाऊ नका. (आणि जाणारच असाल तर निदान पेढ्यांचा पुडा तरी नेऊ नका.)

तुमच्या यजमानांचं "विसरून जा" मात्र मला अर्धंच पटतं. त्यांना तुमचा त्रास बघवत नाही म्हणून ते म्हणत असतील. पण विसरायचं काय? लाज विसरा. काका पायरीवर कसे बसले होते, घाम कसा होता, बोलणं कसं होतं, ते नीट लक्षात ठेवा. दारू म्हणून जे दिसलं ते शुगर निघालं, हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. हे इतक्या जवळून फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं.

मुलाला सांगायचं. यात माझ्या मनात शंका नाही. अकरा वर्षांचा आहे, त्याने प्रश्न विचारला होता, तुम्ही उत्तर दिलं होतं, ते उत्तर चुकीचं निघालं. नाही सांगितलंत तर घामाने भिजलेला, जीभ जड झालेला माणूस म्हणजे दारुडा, हे त्याच्या डोक्यात तुमच्या सहीनिशी राहील. शिवाय पुस्तकाच्या निमित्ताने तो कधीतरी त्याच रसवंतीवर उभा राहील, आणि तो दादा त्यालाही सांगेल. तुमच्याकडून ऐकलेलं बरं.

पण त्याचा समारंभ नको. समोर बसवून, डोळ्यांत पाणी आणून, "बाळा, आज आई तुला काहीतरी सांगणार आहे" असं केलंत तर तो त्या काकांचा विचार सोडून तुम्हालाच सावरत बसेल. भाजी निवडताना, स्कूटरवर, कुठेही: "त्या दिवशीचे ते काका आठवतात? ते प्यायले नव्हते. त्यांची शुगर उतरली होती. मी घाईत काहीतरी सांगून टाकलं." तो विचारेल, "मग त्यांना माझा रस हवा होता का?" याला तयार राहा. मला वाटतं तो हे विचारेलच. खरं उत्तर आहे, "असेल, नक्की माहीत नाही." हवाच होता, असं सांगून त्याच्या डोक्यावर ओझं ठेवू नका. त्याने काही नाकारलेलं नाही, त्याला तर तुम्ही ओढून नेलं होतं. आणि रसवंतीवाल्याने त्यांना रस दिला हेही लगेच सांगा.

मग तो पुढचं विचारेल, किंवा तुम्हीच काढा: "आणि खरंच प्यायले असते तर?" इथे थोडा वेळ द्या. त्याला काय वाटतं ते आधी ऐका. मुलांची उत्तरं आपल्यापेक्षा सरळ असतात.

तुमची शेवटची भीती, विश्वास ठेवायला शिकवलं आणि भलतंच झालं तर? त्याला विश्वास ठेवायला शिकवायचंच नाहीये. अकरा वर्षांच्या मुलाने अनोळखी माणसाजवळ एकट्याने जायचं नाही, हा नियम जसाच्या तसा राहू दे. त्यात फक्त एक भर घाला: जवळ जायचं नाही, पण तसंच पुढेही जायचं नाही. दिसलं की मोठ्या माणसाला सांगायचं. दुकानात जाऊन "काका, तिथे एक आजोबा पडलेत" म्हणायचं. आसपास कोणीच नसेल तर १०८. हा नंबर त्याच्याकडून एकदा पाठ म्हणून घ्या, आणि आपण कुठे आहोत हे खुणेसकट कसं सांगायचं, त्याचा सराव त्याच अप्पा बळवंत चौकावर करून घ्या. पुण्यात पत्ता सांगणं ही वेगळीच विद्या आहे, ती लवकर आलेली बरी.

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या मधुमेही वाचकांसाठी: ग्लुकोजची पुडी किंवा साखरेच्या चार-पाच वड्या शर्टाच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. हात थरथरायला लागले की चेन उघडत नाही. "मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, घरचा नंबर अमुक" अशी मराठीत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात दर्शनी ठेवा. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही तातडीची माहिती टाकता येते, ती घरातल्या कॉलेजच्या पोरांकडून भरून घ्या. आणि ज्या टपरीवर, देवळाच्या पारावर, बागेच्या बाकावर रोज बसता, तिथल्या एका तरी माणसाला आपल्या तोंडाने सांगून ठेवा, की मी कधी असा बरळायला लागलो तर आधी गोड काहीतरी पाज आणि मग घरी फोन कर.